हरकत

तीस दिवसांत कळवा, म्हणालं सरकार,
हरकती असतील तर, सूचना असतील तर,
शक्यतो टंकलिखित.

मसुदा जतच्या ग्रामीण रुग्णालयात पोचला
तेव्हा अकरा दिवस उरले होते.
मुजावर सिस्टरनी तो ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर पसरला,
पंख्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर स्पिरिटची बाटली,
आणि चष्मा पुसून वाचलं :
कलम नऊ, पोटकलम तीन.
खाटांमागे परिचारिकांची संख्या
आवश्यकतेनुसार.

हा शब्द आमच्या ओळखीचा.
ऐवळेच्या ऑर्डरीवर असतो तो.
अकरा महिने काम, एक दिवस घरी,
पुन्हा अकरा महिने.
त्या एका दिवशी ती नक्की कोण असते,
हे तिनं एकदा ऑफिसात विचारलं होतं.
बाबू हसला होता.

लिहायला बसलो तर हात चालेना.
हरकत घ्यायची आम्हाला सवयच नव्हती.
बावीस वर्षं मी दुसरंच वाक्य बोलत आले.
सिस्टर, आज डबल कराल? हरकत नाही.
मेल वॉर्डपण बघाल जरा? हरकत नाही.
लेकीचा दहावीचा निकाल लागला
तेव्हा मी सिलिंडर बदलत होते, फोन खांद्यात धरून.
ती म्हणाली, आई, अठ्ठ्याऐंशी टक्के.
मी म्हणाले, हरकत नाही.
तिनं फोन ठेवला.
अजून मधूनच काढते ती ते, जेवताना.

मग आकड्यावरून भांडलो.
मुजावर सिस्टर म्हणाल्या, ट्रेनिंगला शिकवलं ते लिहा.
बिराजदार ब्रदर म्हणाला, मागा तीन, देतील आठ.
ऐवळे म्हणाली,
रात्री तीनला दोन सलाइन एकदम संपतात
तेव्हा मी पळत किती खाटांपर्यंत पोचते, तेवढंच लिहा.
आम्ही वॉर्डात उठून मोजलं.
सहा.
सातव्या खाटेवरची म्हातारी उठून बसली,
नीर कोडरी अक्का, म्हणाली.
पाणी दिलं.
सहाच लिहिलं.

उमदी, संख, माडग्याळ, डफळापूर.
सह्या गोळा करायला सुट्टी कुणाकडं होती?
लसीचे डबे जातात तिकडं भरलेले,
येतात रिकामे.
या वेळी रिकामे आले नाहीत.
बर्फाच्या पाण्यानं एक कागद भिजला,
संखच्या नर्सताईची सही पसरून
निळा डाग झाली.
तो डागही जोडला आम्ही,
खाली कंसात नाव लिहून.

आमदार लग्नात होते.
त्यांच्या माणसानं गठ्ठा हातावर तोलला, म्हणाला,
बघू की. साहेबांच्या कानावर घालतो.
कोणत्या, असं बिराजदार विचारणार होता,
मी त्याच्या पायावर पाय दिला.

तिसाव्या दिवशी रजिस्टर पोस्ट.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
मुंबईला? मावशी, तिकडनं उत्तर येत नसतंय.
पैसे घेतले, शिक्का मारला.
पोचपावती मी ड्रग चार्टमागं चिकटवली आहे.
उत्तर आलेलं नाही.
कलम नऊ कुठल्या टेबलावर आहे
आम्हाला माहीत नाही.

काल रात्री पुन्हा फोन.
सिस्टर, सकाळी थांबाल का, कुणी नाहीये.
वाक्य जिभेवर आलंच होतं.
आत बाळंतीण होती, सातव्या खाटेवर म्हातारी होती.
थांबले.
पण चार्जच्या वहीत,
जिथं आपण लिहितो सर्व ठीक,
तिथं लिहिलं :
खाटा बावीस. पेशंट एकतीस. सिस्टर एक.
हरकत आहे.

दुपारी ऐवळेनं चार्ज घेतला,
रोजच्यासारखी न वाचता सही ठोकली,
औषधांच्या कपाटापर्यंत गेली,
आणि किल्ली कुलपात तशीच ठेवून
परत वहीकडं आली.